तुम्हाला अर्धा बास हाय

पैसे पूर्ण घेतले आणि दूध दिलं अर्धा ग्लास. याची तक्रार कुठल्या ग्राहक मंचात होत असेल असं वाटत नाही म्हणून इथे लिहितेय. गेल्या बुधवारची गोष्ट आणि अजून माझं डोकं शांत झालेलं नाही.

झालं काय, की ऑफिसनं मला शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचा स्टॉक मोजायला पाठवलं. चाळिशी उलटली तरी मी कोल्हापूर बघितलेलं नव्हतं, हे ऑफिसात कळल्यावर लोकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मला अक्षरओळख नाही. मग याद्या यायला लागल्या. एकीत फडतरे, एकीत चोरगे, एकीत बावडा मिसळ, आणि प्रत्येकीच्या खाली ठळक अक्षरात 'दुसरीकडे कुठेही जाऊ नकोस'. जेवणाचं तसंच, आइस्क्रीमचं तसंच, कटवड्यासाठी तर एकानं नकाशा काढून पाठवला त्यात दुकानाऐवजी एक पिंपळ दाखवला होता. काम मंगळवारीच आटोपलं, बुधवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट, म्हणजे अख्खा दिवस मोकळा, एकटी, आणि कंपनीच्या पैशानं जेवण. बाईमाणसाच्या आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत.

मिसळीचं लवकर उरकते, कारण खरं दुखणं पुढे आहे. कुठे खाल्ली ते सांगणार नाही, उगाच उरलेल्या दोन याद्यांवाले अंगावर येतील. मिसळ उत्तम होती. ती तिखटजाळ वगैरे असते ही पुण्या-मुंबईकडची अफवा आहे, जीभ भाजत नाही, कांदा-लसूण चटणीची चव आधी लागते आणि तिखट मागून सावकाश चढतं. पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस देतात, आणि मला ते पटलं, कट जितका ब्रेडमध्ये शिरतो तितका पावात शिरत नाही. पण मी पहिला घास घ्यायच्या आत वाढणाऱ्या पोरानं न मागता दह्याची वाटी आणून ठेवली. शेजारच्या चार टेबलांवर कुणाकडेच वाटी नाही. म्हटलं, "हे मी नाही मागितलं." तर म्हणतो, "राहू द्या मॅडम, लागंल." आणि बाजूला उभा राहून माझ्या डोळ्यांकडे बघायला लागला, पाणी येतंय का म्हणून. मी ते दही खाल्लं नाही. हट्टानं नाही खाल्लं. बिलात मात्र लावलं होतं.

आणि समोरच्या टेबलावर एक जोडपं रील काढत होतं. तो कट ओतायचा, ती म्हणायची "अजून वरून", परत वाटी मागवायची, परत ओतायचा. बाहेर लाइन रस्त्यापर्यंत, म्हाताऱ्या बायका उन्हात उभ्या, आणि यांची मिसळ थंड होऊन तिच्यावर साय धरायची वेळ आली तरी शूटिंग सुरू. मला खात्री आहे त्या रीलखाली 'नाद खुळा' लिहिलं असेल. असो.

दुपारी मटण. बुधवार म्हणजे मटणाचा वार, त्यामुळे खानावळीत बसायला जागा नव्हती असं म्हणावं तर तेही खरं नाही, दोन टेबलं रिकामी दिसत होती. पण काउंटरवरच्या माणसानं मला दारातच अडवलं. "किती जण?" "एक." त्यानं माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. "एकट्याच?" "हो." मग त्यानं आतल्या बाजूला तोंड करून जोरात आरोळी दिली, "फॅमिली एक!" आणि मला फॅमिली रूममध्ये पाठवलं.

मी फॅमिली कशी झाले? बाहेर एकटे आलेले डझनभर बाप्ये आरामात भाकरी कुस्करत होते, त्यांना कुणी फॅमिली म्हटलं नाही, ते आपले 'गिऱ्हाईक' होते. बाई एकटी आली की ती मात्र फॅमिली, उरलेली माणसं वाटेत असणार असं धरून चालायचं. खोलीत सहा जणांचं टेबल, लहान मुलाची उंच खुर्ची, एक बंद फ्रीज आणि देवीचं कॅलेंडर. पंखा लावायला माणूस येतो म्हणाले तो आला नाही. हे सुरक्षिततेसाठी असतं, बायकांना निवांत वाटावं म्हणून असतं, असं मला नंतर दोघातिघांनी समजावलं. मला निवांत नाही वाटलं हो. मला शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं.

वाढायला मावशी आल्या तेव्हा जरा बरं वाटलं. "लाजू नका, रस्सा पायजे तेवढा घ्या, मी वाढतो की," म्हणाल्या आणि खरंच वाढत राहिल्या. तांबडा आणि पांढरा दोन्ही एकाच अळणीतून निघतात, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यातून, हे मला त्यांनीच सांगितलं. एकीकडे चटणी आणि भाजलेलं खोबरं पडलं की तांबडा, दुसरीकडे नारळाचं दूध, तीळ, खसखस गेली की पांढरा. पांढऱ्याच्या चार वाट्या प्याले मी. आमच्याकडे ठाण्यात कुठल्याही भाजीत लाल रंग आणि तेल ओतून वर दोन तळलेल्या मिरच्या ठेवल्या की तिला व्हेज कोल्हापुरी म्हणतात, त्या सगळ्या आचाऱ्यांना या खोलीत आणून कोंडलं पाहिजे, जागा भरपूर आहे. आणि मटणाचं म्हणाल तर हे गाव त्या बाबतीत थट्टा चालवून घेत नाही. २०१९च्या शेवटी मटणाचे दर वाढले तर इथे लोकांनी रीतसर कृती समिती काढली, आंदोलन केलं, दुकानं बंद राहिली, बैठका झाल्या. आमच्याकडे लोकलला रोज माणसं लटकतात तरी आम्ही एवढे एकत्र येत नाही.

बिल आलं. हातानं लिहिलेलं. वर 'फॅमिली', खाली '१ मटण ताट'. मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

आता दुधाचं.

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि तुमच्यासमोर धार काढून ताजं दूध ग्लासात देतात, हे सगळ्या याद्यांत होतं. फक्त या एकाच मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत होतं म्हणून मी गेले. जवळच गंगावेश तालीम, कोल्हापूरच्या नावाजलेल्या तालमींपैकी एक, त्यामुळे पैलवानांच्या काळापासूनची ही चाल. काळ्याभोर म्हशी, शेपटीच्या टप्प्यात उभी असलेली माणसं, कुणाच्या हातात किटली, कुणाच्या हातात लोटा. मी ५०ची नोट पुढे केली आणि म्हटलं, "एक ग्लास."

धार काढणाऱ्यानं वर बघितलं. चपलांपासून सुरुवात करून चष्म्यापर्यंत आला.

"कुठलं गाव?"

"ठाणे."

"अर्धा बास हाय तुम्हाला."

मला वाटलं भाव कमी करतोय. म्हटलं, "नाही, पूर्ण द्या." "न्हाई," म्हणाला, "पचायचं न्हाई." आणि परत म्हशीकडे वळला. म्हणजे विषय संपला. मी पैसे देतेय, वस्तू समोर तयार होतेय, आणि विकणारा म्हणतो की तुमची लायकी अर्ध्याची आहे! उद्या साडीच्या दुकानात म्हणतील, वहिनी, तुम्हाला तीन वार बास.

तेवढ्यात बाजूनं आवाज आला, "का वं, दे की त्यास्नी पूर्ण." वळून बघितलं तर एक सत्तरीचे काका, घाम येईल अशा हवेत हाफ स्वेटर, हातात स्टीलची किटली, स्कूटर स्टँडवर न लावता तिच्यावरच एक पाय टाकून बसलेले. मला वाटलं, चला, या गावात माझ्या बाजूचा कुणीतरी निघाला. काका मला म्हणाले, "तुम्ही थांबा ताई, मी बघतो. आधी सांगा, सकाळपास्नं काय काय खाल्लासा?"

म्हटलं, मिसळ.

"कुठली?"

सांगितलं. काकांनी डोळे मिटले, कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसे. मग उघडले. "बरं. झालं ते झालं. दुपारी?"

"मटण ताट."

"कुठं?"

सांगितलं. काकांनी दूधवाल्याकडे बघितलं. दूधवाल्यानं म्हशीकडे बघितलं.

"पांढरा आधी पिलासा का तांबडा?"

"तांबडा."

"संपलं."

"का? आधी पांढरा प्यायचा असतो का?"

"आधी-नंतर तसं काय नसतंय. पण इचारायचं असतंय की कुणाला तरी."

मी जरा चाचरत सांगितलं की आत्ता येताना खासबागेत राजाभाऊंची भेळ पण खाल्ली. यावर पहिल्यांदा त्यांची मान डोलली. "ती बरी हाय." मला जो आनंद झाला तो बारावीच्या निकालाला झाला नव्हता. "तिथं कुस्तीचं मैदान बघितलासा काय? १९१२ चं हाय. शाहू महाराजांनी बांधलंय." म्हटलं, बाहेरून बघितलं. "भायरनं," काका दूधवाल्याला म्हणाले, जणू तो साक्षीदार आहे, "भायरनं बघितलं म्हंत्यात." भेळेनं मिळवलेले मार्क तिथेच गेले.

मग माझ्या डोक्यात आलं की हा माणूस एवढे निकाल देतोय तर यालाच विचारावं. "काका, तुम्ही कुठे खाता मिसळ?"

"मी?" काकांना प्रश्नच कळला नाही. "मी भायर खात न्हाई. मला पित्त हाय."

"अजिबात नाही?"

"न्हाई."

"मग शेवटची मिसळ कधी खाल्लीत?"

काकांनी किटली या हातातून त्या हातात घेतली. "आमच्या थोरल्याच्या बारशाला. थोरला आता पुण्यात हाय, त्येचीच पोरं कॉलेजला हायत."

"मग तुम्हाला कसं कळतं कुठली चांगली ते?"

"वासावरनं. रोज स्कूटरवरनं जातो की. दारावरनं गेलं की कळतंय, आज कट करपलाय का बरा हाय."

आणि भेळ? भेळ त्यांचा मेव्हणा खायचा. मटण त्यांच्या घरी बुधवारी आणि रविवारी होतं, हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावरही तसंच सुरू आहे, पण ते स्वतः त्यातला फक्त पांढरा घेतात, तोही निम्मं पाणी घालून. हा मनुष्य! पांढऱ्या रश्श्यात पाणी घालणारा मनुष्य मला माझ्या ताटावरून मार्क देत होता! मी एव्हाना चिडले होते पण आजूबाजूला सातआठ जण जमलेले, सगळे किटल्या घेऊन शांतपणे ऐकत होते, कुणालाही घाई नव्हती. मुंबईत हे होणं शक्य नाही. वडापाव घेतलात, सुट्टे दिलेत, बाजूला व्हा, मागे लाइन आहे. तुम्ही दिवसभर काय खाल्लं, कुठल्या क्रमानं खाल्लं, त्यानं तुमचं काय होणार, याच्याशी कुणाला कर्तव्य नाही. तिथे माणूस उपाशी मेला तरी कुणी विचारत नाही हेही आहे म्हणा, पण निदान पैसे दिले तेवढा माल मिळतो.

"घरी कुठलं दूध पितासा?" दूधवाल्यानं मध्येच विचारलं.

"पिशवीचं."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर दया आली. एका बाईनं तर "आई गं" म्हटलं.

"गाईचं का म्हशीचं?" काका.

"टोन्ड."

"त्ये कुठल्या जनावराचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी पिशवी कापतेय आणि आत नक्की कोण आहे हे मला माहीत नाही, हे त्या क्षणी गंगावेशीत सगळ्यांसमोर उघड झालं. काका दूधवाल्याला म्हणाले, "तू बरोबर हाइस बाबा. अर्धा बी जास्तच हाय. त्यात रातच्याला गाडी हाय म्हंत्यात." म्हणजे माझा वकील विरुद्ध पार्टीला जाऊन मिळाला.

मी वैतागून म्हटलं, "राहू दे दूध. चहा कुठे चांगला मिळतो तेवढं सांगा, मी चहा पिते."

यावर काका बराच वेळ विचारात पडले. स्कूटरवरून पाय पण काढला. म्हणाले, "चहा प्यावा तर सत्यसुधारक मधी."

"कुठे आलं हे?"

"भाऊसिंगजी रोडला हुतं. आता न्हाई. शंभर वर्सं झाली त्येला."

मला हसावं का ओरडावं कळेना. पण काका गंभीर होते, आणि त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर शोधून बघितलं, खरं आहे. गंगाराम कांबळे नावाचा माणूस, शाहू महाराजांच्या पागेत कामाला. दलित. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून बरोबरच्या नोकरांनी त्याला मार मार मारलं. महाराजांनी त्याला पुढे स्वतः मदत करून चहाचं हॉटेल काढून दिलं. आता अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला येणार कोण? कुणी येईना. तर महाराज स्वतः आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या हॉटेलाशी थांबवायचे आणि मोठ्यानं चहा मागवायचे. आणि गाडीत बरोबर जे कुणी मानकरी बसलेले असतील त्यांनाही द्यायला लावायचे. राजा घोट घेतोय म्हटल्यावर नको म्हणायची कुणाची छाती आहे?

"माझा आजा तिथं उभा हुता म्हणायचा," काका म्हणाले. "पिला काय त्यांनी चहा?" मी विचारलं. काका जरा थांबले. "त्ये काय कधी बोलला न्हाई."

यावर कुणीच काही बोललं नाही, एका पोरानं किटलीचं झाकण वाजवलं तेवढंच. गावात कुणी कुठे काय प्यायचं हे दुसऱ्यानं ठरवायची खोड जुनीच आहे, आणि तेव्हा ती नुसती खोड नव्हती. मग म्हशीनं शेपूट मारलं, ते नेमकं मला लागलं, आणि दूधवाल्यानं माझ्यापुढे ग्लास धरला. अर्धा. मोजून अर्धा, फेस धरला तर पाऊण.

दूध कोमट, घट्ट, आणि साखर न घालताच गोडसर. सगळेजण बघत होते. मिशी आली असणार कारण ती मघाची बाई स्वतःच्या ओठावर बोट फिरवून मला खुणावत होती. मी म्हटलं "छान आहे", ते खरंच छान होतं, आणि ग्लास परत पुढे केला, "आता उरलेलं द्या." "न्हाई." "बरं मग उरलेले पैसे द्या." तर सुट्टे नाहीत. ऑनलाइन परत पाठवा म्हटलं तर मोबाइल घरी. माझा अर्धा ग्लास, माझा, मी पैसे दिलेला, तिथे मापात तसाच उभा. दूधवाल्यानं इकडेतिकडे बघितलं आणि काय करावं? सरळ काकांच्या किटलीत ओतला.

"अहो!"

"रोजचं गिऱ्हाईक हाय," दूधवाला म्हणाला.

काकांनी झाकण लावलं. आभार वगैरे काही नाही. उलट मला म्हणाले, "तुम्ही असं करा, रात्री काय खाऊ नका," आणि स्कूटर सुरू करून निघून गेले. माझ्या पैशाचं दूध घेऊन.

रात्री गाडी मिरजेच्या पुढे गेल्यावर मी फोनवर टोन्ड दूध शोधलं. तर १९४६ साली मुंबईत दारा खुरोडी नावाच्या पारशी गृहस्थांनी ते सुरू केलं, त्यांना पुढे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कारही मिळाला, आणि ते करतात कसं, तर म्हशीच्या दुधात पाणी आणि स्किम्ड दुधाची पावडर मिसळून! फॅट ३ टक्क्यांवर आणायचं, कारण म्हशीच्या दुधात ते सहासात टक्के असतं, मग तेवढ्याच म्हशींत जास्त लोकांना दूध पुरतं. म्हणजे म्हशीचंच! मुळात म्हशीचंच आहे ते काका! आणि पाणी घालण्याचं म्हणाल तर पांढऱ्यात कोण घालतं? पण हे ऐकायला डब्यात फक्त एक घोरणारे गृहस्थ होते. आणि नणंदेचा मेसेज, कच्चं दूध प्यालीस का, उकळलं नव्हतं ना, त्यातून काय काय होतं माहितीये ना, सोबत तीन व्हिडिओ. मला काहीही झालेलं नाही, आणि पूर्ण ग्लासानंही झालं नसतं.

सोमवारी बिलं टाकली. मिसळीचं पास झालं, न खाल्लेल्या दह्यासकट. भेळेचं बिल नाही म्हणून ते गेलं. दुधाचं तर मी लिहिलंच नाही, कारण अर्ध्या ग्लासाला पूर्ण पैसे का हे त्या अकाउंट्सच्या मुलाला समजावण्यात माझं तिमाही ऑडिट गेलं असतं. पण मटणाचं बिल त्यानं परत पाठवलं. वर लाल गोल, गोलात 'फॅमिली'. मी त्याच्या टेबलाशी जाऊन शांतपणे सांगितलं की मी एकटीच होते, खाली बघ, एकच ताट आहे.

"हो ना मॅडम," तो म्हणाला, "तेच मला कळत नाहीये. एका ताटात सगळे कसे जेवलात?"